पस्तीस ग्रॅमचा रुग्ण

नवीन आणलेल्या बजीच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरट, कोरडा थर दिसला की घरात पहिला अंदाज एकच असतो: खाताना काहीतरी चिकटलं असेल. ओल्या कापसाने पुसून पाहिलं जातं. थर निघत नाही. हळूहळू तो नाकपुड्यांपर्यंत चढतो, डोळ्यांच्या कडेला दिसू लागतो, आणि मग कुणीतरी सांगतं, ‘बुरशी आलीय, हळद लावा.’ बहुतेक वेळा ती बुरशी नसते. गोचिडाच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा, डोळ्यांना न दिसणारा एक जीव पक्ष्याच्या कातडीत बिळं करून राहत असतो. त्याला माइट म्हणतात. हा आजार ओळखायला सोपा आहे आणि वेळेत हाती लागला तर पूर्ण बरा होतो. तरीही त्यापायी पक्षी जातात. छत्रपती संभाजीनगरात माझ्या पाहण्यात जे गेले, त्यातले बरेच माइटने गेले नाहीत, चुकीच्या औषधाने गेले. म्हणून हा लेख आजाराबद्दल आहे तितकाच औषधाच्या मापाबद्दल आहे.

आपल्याकडे बजीला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, जाडजूड चोचीचा, वजनाने जास्त. बजी हा छोटा पोपट ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून पिंजऱ्यातल्या पैदाशीने तो जगभर पसरला. आपल्या रानातला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. बजीला ती बंदी नाही आणि परदेशी प्राण्यांसाठी असलेल्या नोंदणीच्या जाळ्यातही तो येत नाही. त्यामुळे पोपटाची हौस असलेलं घर साहजिकच त्याच्याकडे वळतं. हा पक्षी दुकानापर्यंत येतो तो मात्र मोठ्या दगदगीने: पैदास करणाऱ्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून खोक्यातून बसने शहरात, मग दाटीवाटीच्या पिंजऱ्यात, आणि शेवटी कागदी पिशवीतून तुमच्या घरी. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनी दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आजारी प्राणी विकायला मनाई केली. नियम चांगले आहेत. पण आज ज्याच्या तोंडावर काहीच दिसत नाही, तो पक्षी महिनाभराने काय दाखवील हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

कारण हा माइट घाई करत नाही. त्याचं शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टिस पायली. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या एका बजीच्या पायावरून ही वेगळी जात म्हणून तिचं वर्णन झालं. कोंबड्यांच्या पायांवर जाड खपल्या आणणारा माइट तिचा सख्खा भाऊबंद, आणि माणसाला खरूज देणारा जीव दूरचा नातेवाईक. मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, गोल, आखूड पायांची. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. जन्मापासून मरेपर्यंत तिचा सगळा संसार त्याच पक्ष्यावर होतो आणि साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. खाणं म्हणजे पक्ष्याची कातडी, चोच आणि खवले ज्याचे बनतात ते केराटिन. म्हणूनच ती जिथे पिसं नाहीत तिथे घर करते: चोचीचे कोपरे, नाकपुड्या ज्या मऊ पट्टीत असतात ती पट्टी, पापण्या, पाय, आणि विष्ठेच्या जागेभोवतालची कातडी.

लागण बहुधा घरट्यातच होते. अंगावर पिसं नसलेली पिल्लं आईबापांच्या अंगाखाली दिवसरात्र असतात, तेव्हा दोनचार माइट त्यांच्याकडे जातात आणि गप्प राहतात. अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. पक्ष्याची जागा बदलली, प्रवास झाला, खाणं बदललं, सोबती तुटले, थंडी लागली, की तो दाब ढिला पडतो. नव्या घरात आल्यावर काही आठवड्यांनी आजार वर येतो तो यामुळे. दुकानदाराने फसवलं असा राग अशा वेळी येतो. पण त्याच्या पिंजऱ्यातही तो पक्षी बहुधा स्वच्छच दिसत होता. जोडीतल्या एकाला खपल्या आणि दुसऱ्याला काहीच नाही, हेही याच कारणाने घडतं. ज्याला काही दिसत नाही त्याच्या अंगावर माइट नाहीत, असं मात्र समजू नये.

गेल्या थंडीत सिडकोतल्या एका ओळखीच्या घरी असा पक्षी नीट पाहायला मिळाला. निळा नर, सहासात महिन्यांचा. घरातल्या मुलाने त्याला जुन्या मऊ रुमालात धरलं होतं, बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना, छाती मोकळी. छाती मोकळी ठेवणं फार महत्त्वाचं, कारण पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच त्याचा श्वास चालतो, आणि मूठ घट्ट आवळली तर तो हातातच गुदमरतो. मोबाइलच्या उजेडात भिंग धरलं. लांबून जो खडूचा लेप वाटत होता, तो जवळून मधाच्या पोळ्यासारखा दिसत होता: टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं, शेजारी शेजारी, कडा उंचावलेल्या. प्रत्येक छिद्र म्हणजे एका बिळाचं तोंड. वरच्या चोचीवर, मुळापासून खाली, बारीक चरे गेले होते.

‘‘काका, नखाने खरवडून काढू का?’’

‘‘नको रे बाबा. खाली कातडी कच्ची आहे, रक्त येईल. आत बसलेले मरायला हवेत, मग वरचं आपोआप गळतं.’’

हा छिद्रांचा नक्षीदार थर दिसला तर अनुभवी डॉक्टर नुसत्या नजरेने निदान करतात. शंका असेल तर खपलीचा कण खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोलमटोल माइट पाहतात. शंका घ्यायला जागाही असते. सर्वांत जास्त फसवते ती मादीची नाकपट्टी. विणीच्या मोसमात मादी बजीची ही पट्टी तपकिरी होते, जाड होते, कधी तिचे पापुद्रे सुटतात. तो संप्रेरकांचा परिणाम आहे, आजार नाही. आपल्याकडे दुकानदार पिंजऱ्याबरोबर मातीचं मडकंही हौसेने गळ्यात मारतो. मडकं टांगलं की मादीला घरटं मिळाल्यासारखं होतं आणि दोनतीन आठवड्यांत नाकपट्टी तपकिरी दिसू लागते. अशा निरोगी मादीला माइटचं औषध पाजल्याचं मी पाहिलं आहे. फरक साधा आहे. तपकिरी पट्टी अख्खी आणि एकसारखी जाड होते, छिद्रं नसतात, चोचीचे कोपरे आणि पाय स्वच्छ असतात. माइटचा थर कोपऱ्यातून सुरू होतो, पांढरट असतो आणि भिंगाखाली जाळीदार दिसतो. दुसरी गफलत खाजेबद्दलची. बजी दिवसभर अंग खाजवतो, पिसं उपटतो म्हणून माइट असतील असं लोक धरून चालतात. या माइटची खाज सौम्य असते. दरवर्षी पिसं झडून नवी येतात, त्या काळात पक्षी कितीतरी जास्त खाजवतो.

उपचार टाळले तर नुसता चेहरा विद्रूप होऊन भागत नाही. माइट चोचीच्या मुळाशी, जिथून ती वाढते तिथे पोचले की चोच लांबते, वाकडी होते, ठिसूळ होऊन चिरते. बजी दाणा गिळत नाही, सोलून खातो. चोच जुळली नाही की सोलता येत नाही. आणि इथे मालकाची नजर चुकते, कारण वाटी भरलेलीच दिसते. वरवर दाणे वाटतात, फुंकर मारली की सगळी टरफलं उडतात. पायांवर खवले जाड होऊन बोटं आखडतात, आणि पायात कडी असेल तर ती रुतून बोटाचा रक्तपुरवठा तुटतो.

आता औषध. ते आहे आयव्हरमेक्टिन, आणि या एका औषधाने हा आजार आटोक्यात आणला आहे. जपानमधले सातोशी ओमुरा यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून त्याचं मूळ द्रव्य मिळवलं, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची परजीवींवरची ताकद दाखवून दिली. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आहे आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. माइटच्या मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर क्लोराइडची सूक्ष्म दारं असतात. औषध ती उघडी पाडतं, शरीर लुळं पडतं आणि माइट मरतो. आपल्या किंवा पक्ष्याच्या शरीरात ही नेमकी दारं नाहीत. त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या दारांवर, तीही मेंदूत, हे औषध चालू शकतं. पण रक्तातून मेंदूत जाणाऱ्या वाटेवर जो पहारा असतो तो त्याला बाहेर ठेवतो. डोस प्रमाणाबाहेर गेला की हा पहारा पुरत नाही. पक्षी लडखडतो, दांडीवरून खाली येतो, तळाशी पिसं फुगवून बसतो आणि पुष्कळदा मरतो.

सगळा प्रश्न त्या प्रमाणाचा आहे. आयव्हरमेक्टिनचा प्रचलित डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम. मराठवाड्यातल्या कोणत्याही जनावरांच्या औषधदुकानात मिळणारं एक टक्क्याचं इंजेक्शन गाईला पन्नास किलोंमागे एक मिलिलिटर देतात, म्हणजे हेच प्रमाण. माणसाला खरजेसाठी गोळी देतात तीही याच हिशोबाने: साठ किलोंच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. आणि बजीलाही तेच. फक्त बजीचं वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे त्याचा डोस ०.००७ मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या इंजेक्शनचा एक साधा थेंब, मिलिलिटरचा विसावा भाग, घेतला तर त्यात अर्धा मिलिग्रॅम औषध असतं. पक्ष्याला हवं त्याच्या सत्तरपट. ‘एकच थेंब पाजा, काय होतंय’ या सल्ल्याचा अर्थ हा असा आहे. कोरोनाच्या काळात अनेक घरांत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आल्या आणि काही डब्यांतून अजून पडून आहेत. त्यातल्या १२ मिलिग्रॅमच्या एका गोळीत सतराशे बजींचा डोस असतो. ती कुटून चिमूटभर पाण्यात टाकणं हा हिशोब नव्हे, अंदाज आहे, आणि इतक्या लहान जिवात अंदाज चालत नाही.

डॉक्टर काय करतात? आधी पक्ष्याचं वजन करतात. मग औषध योग्य द्रावणात पातळ करून, तोंडावाटे किंवा मानेवरच्या उघड्या कातडीवर देतात. पक्ष्याची पिसं अंगभर सारखी उगवत नाहीत, पट्ट्यापट्ट्यांनी येतात आणि मधली कातडी मोकळी असते. फुंकर मारून पिसं बाजूला केली की मानेवर अशी जागा सापडते. कातडीतून शिरणारं आणि पोटातून जाणारं औषध वेगवेगळ्या हिशोबाने मोजावं लागतं, त्यामुळे किती पातळ करायचं हा निर्णय डॉक्टरांचाच. लहान पक्ष्यांना ते टोचणं बहुतेक जाणकार टाळतात. टोचल्यानंतर बजी मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत.

एका डोसने काम संपत नाही. दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनतीनदा, आजार जुना असेल तर त्याहून जास्त वेळा द्यावा लागतो, कारण बिळांत दडलेले आणि नंतर जन्मलेले माइट पहिल्या डोसातून सुटतात. खरी कसोटी इथे लागते. पहिल्या डोसानंतर खपल्या भुसभुशीत होऊन गळू लागतात, चोचीचा रंग परत येतो, घर खूष होतं आणि पुढची तारीख विसरली जाते. दीडदोन महिन्यांनी थर पुन्हा दिसला की औषध निकामी ठरवलं जातं. दुसरी तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि एकाच पिंजऱ्यातल्या सगळ्या पक्ष्यांना, खपल्या असोत वा नसोत, एकदमच डोस द्यावा.

आयव्हरमेक्टिन येण्याआधी खपल्यांवर लिक्विड पॅराफिन लावत. तेलाने माइटचा श्वास कोंडतो आणि खपली मऊ पडते, तेव्हा त्या उपायात तथ्य होतं. आजही डॉक्टर कधी जोडीला सांगतात, कापसाच्या काडीने, अगदी पुसट. आपल्याकडचं खोबरेल किंवा कडुनिंबाचं तेल बोटाने फासलं जातं, ते नाकपुडीत जातं आणि पिसांना लागतं. तेलकट पिसं ऊब धरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत इथला रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा असा पक्षी थंडीने काकडतो. कोंबड्यांच्या पायांना रॉकेल चोपडायची गावाकडची पद्धत बजीवर तर मुळीच करू नये. पिंजऱ्याला डांबराच्या गोळ्या किंवा ‘माइट पळवणाऱ्या’ वासाच्या वड्या टांगणं त्याहून वाईट. माइट कातडीच्या आत असतो, त्याला वास पोचत नाही. पक्ष्याची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या मात्र हवेतलं सगळं झपाट्याने शोषतात. जे विष माइटला लागू पडत नाही, ते पक्ष्याला लागू पडतं. ‘उन्हात ठेवा, किडे मरतात’ हाही सल्ला मिळतो. एप्रिलमध्ये इथे चाळीस अंशांच्या वर ऊन असतं. ऑस्ट्रेलियातला बजी उन्हात तापला की उडून सावलीत आणि पाण्यावर जातो. पिंजऱ्यातल्याला जायला जागा नसते.

शहरात पशुवैद्य भरपूर आहेत, पण त्यांच्याकडची गर्दी कुत्र्यामांजरांची आणि गुराढोरांची. खडकेश्वरला सरकारी पशुचिकित्सालय आहे. मराठवाड्यातली जुनी पशुवैद्यक महाविद्यालयं परभणी आणि उदगीरला. पक्ष्यांचा सराव असलेला डॉक्टर गाठायचा तर आधी फोन करून विचारावं: बजी पाहता का, ग्रॅमचा काटा आहे का, औषध पातळ करून देता का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर तिथेच जावं. सोबत जुळवलेली माहिती न्यावी: कधी आणला, काय खातो, आधी घरी काय लावलं. शेवटची गोष्ट लपवू नये. आधीच आयव्हरमेक्टिन पाजून झालं असेल तर डॉक्टरांना ते कळणं जिवाचा प्रश्न असतो.

दशांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. त्यावर छोटा डबा ठेवून पक्ष्याचं रोज सकाळी, खाण्याआधी, वजन करावं. रानातला आजारी बजी शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून दुखणं लपवतो, पाळीवही तेच करतो. तो चिवचिवत असतो, काटा मात्र उतरत असतो. पस्तीसचा तीस झाला म्हणजे शरीराचा सातवा हिस्सा गेला.

खाण्याकडे पाहायला हवंच, कारण माइट वर येतो तो अंगातला दम कमी पडल्याने. आपल्याकडे बजी जवळजवळ राळा आणि बाजरीवर जगतात. राळ्याला पक्षीवाले कांगणी म्हणतात. नुसत्या दाण्यांत जीवनसत्त्व ‘अ’ फार कमी, आणि कातडी धड राहायला तेच लागतं. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, कोथिंबीर, किसलेलं गाजर, धुऊन आणि कोरडं करून, रोज थोडंसं. पक्षी आठवडाभर तोंड लावणार नाही. जुडी पिंजऱ्याच्या जाळीला उंचावर खोचली की कुतूहलाने टोचू लागतो. थंडीत पिंजऱ्याची एक बाजू कापडाने झाकून तिकडे साधा बल्ब ठेवावा, म्हणजे ऊब हवी असेल तर तो तिकडे सरकेल, नको असेल तर दूर होईल.

खपल्यांच्या माइटचा दुसराही एक शेजारी आहे. त्याची चाल पूर्ण वेगळी, आणि दोघांची गल्लत केली की घर महिनोन्‌महिने हैराण होतं. लाल माइट दिवसा पक्ष्यावर नसतो. लाकडाच्या फटीत, दांडीच्या टोकाशी, मडक्याच्या गळ्याला गुंडाळलेल्या तारेखाली आणि सुतळीत लपतो, आणि रात्री येऊन रक्त पितो. पक्षी रात्री फडफडतो, दिवसा मलूल असतो, पिल्लं रक्त कमी होऊन मरतात. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाकून पहाटे त्याच्या घड्या पाहिल्या तर लालसर ठिपके सरकताना दिसतात. उबदार हवेत त्याची पिढी आठवड्यात पूर्ण होते, आणि उपाशी तो काही महिने तग धरतो. त्याचाच एक भाऊबंद कबुतरं-साळुंक्यांच्या घरट्यांतून येतो. बाल्कनीत कबुतरांनी घरटं केलेल्या सदनिकांत पिंजरा तिथेच टांगला तर हा शिरकाव सहज होतो, आणि तो माणसालाही चावतो. खपल्यांचा माइट माणसाला लागत नाही, लहान मुलांच्या आयांनी एवढं निश्चिंत राहावं. लाल माइटला मात्र पक्ष्यावर औषध घालून भागत नाही. पक्षी दुसऱ्या स्वच्छ पिंजऱ्यात हलवून जुना पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा, फटी घासाव्यात, लाकडी पेटी आणि दांड्या फेकून द्याव्यात, सुतळी जाळावी. मडकं वीण हवी असेल तरच ठेवावं.

घरात आधीचे पक्षी असतील तर नवा बजी किमान तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत राहू द्यावा. खाणंपाणी आधी जुन्यांचं, मग नव्याचं, आणि मधे हात धुवावेत. एवढ्या काळात दडलेला माइट बहुधा तोंड वर काढतो. दर आठवड्याला चोचीचे कोपरे, पाय आणि शेपटीखालची जागा उजेडात पाहावी. खपल्या दिसल्या तर शेवटच्या डोसानंतर दोनतीन आठवडे कातडी स्वच्छ राहीपर्यंत जुन्या पक्ष्यांशी भेट पुढे ढकलावी.

बरा झाल्यावर पायांचे खवले गुळगुळीत होतात, नाकपट्टी उजळते. चोचीचं मात्र सांगता येत नाही. तिच्या वाढीचं मूळ दुखावलं असेल तर ती आयुष्यभर थोडी वाकडी वाढते आणि दर काही आठवड्यांनी डॉक्टरांकडून घासून घ्यावी लागते. नेलकटरने घरी कापू नये, चोचीच्या आत रक्तवाहिनी असते. सिडकोतल्या त्या निळ्या नराची चोच आता डावीकडे किंचित झुकलेली आहे. तो राळा सोलून खातो, वजन छत्तीस ग्रॅम आहे, आणि मुलगा दर रविवारी ते वहीत लिहितो.